आठवणीवर तारीख पडेपर्यंत : एकाहून जास्त आघातांनंतर पीटीएसडीसोबत रोजचं जगणं

जुलै लागला की आमच्या सांगलीत ओळखीचा माणूस ‘बरं आहे का?’ विचारायच्या आधी ‘आयर्विनला किती?’ विचारतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ च्या वर गेलं होतं. त्यानंतरच्या एका जुलैत पाणी जेमतेम पंधरा फुटांवर होतं आणि मी रात्री अडीच वाजता तांदळाचा डबा, मिक्सर, लेकीचं दप्तर, कागदपत्रांची पिशवी असं सगळं एकटीनं माळ्यावर चढवत होते. लेक उठून दारात उभी राहिली. म्हणाली, “आई, बाहेर पाऊस पण नाहीये.”

मला ते ऐकू आलं, कळलंसुद्धा. हात मात्र थांबेनात.

पुढच्या आठवड्यात मिरजेत मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसले तेव्हा मी फक्त पुराबद्दल बोलत होते. त्यांनी मध्येच विचारलं, “माळ्यावर चढल्यावर नेमकं काय वाटत होतं?” आणि माझा बांध फुटला. कारण माळ्यावर मी सात वर्षांची होते. वडील पिऊन आले की आई मला माळ्यावर चढवायची आणि शिडी काढून घ्यायची. खाली काय चाललंय ते दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. मग तिसरी गोष्ट निघाली. पुरात आम्हाला न्यायला बोट आली, तिच्या इंजिनाचा पेट्रोलचा वास आला आणि माझ्या डोळ्यांसमोर पूर नव्हताच. दहा वर्षांपूर्वी हायवेवर उलटलेली गाडी होती. तिच्यातून मी बाहेर आले, माझी मैत्रीण आली नाही.

तीन घटना, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या. शरीरानं त्यांचं एकच गाठोडं बांधून ठेवलं होतं.

असं गाठोडं ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हा लेख. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. चार वर्षं उपचार घेतले, त्यातलं जे कामाला आलं ते ज्या क्रमानं यायला हवं होतं त्या क्रमानं लिहितेय. माझा स्वतःचा क्रम बराच चुकला होता.

हे नक्की काय आहे

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या अशाच अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हणायचे. पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताण विकार, हे नाव १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत आलं, तेही मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. आपल्याकडे तेव्हाही याला शब्द होता : ‘धसका घेतला’. नेमका शब्द आहे, फक्त त्यावर उपचार असतो हे त्यात येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ७० टक्के माणसांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा एखादा प्रसंग येतो, त्यातल्या ५.६ टक्के लोकांना पुढे पीटीएसडी होतो. म्हणजे बहुतेकजण आपले आपण सावरतात. मग आपणच का? आघात एकाहून जास्त असले, माणसानं माणसाला केलेले असले, लहानपणी झालेले असले, किंवा नंतर कुणाचा आधार मिळाला नाही, तर धोका वाढतो. मनाच्या कमकुवतपणाचा हा हिशोब नाही.

लक्षणांचे चार गठ्ठे असतात. प्रसंग परत परत अंगावर येतो : स्वप्नं, जागेपणी दिसणारी दृश्यं, एखाद्या वासानं सुटणारी धडधड. त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं, विषय टाळले जातात. मन आणि विचार काळवंडतात : ‘चूक माझीच’, ‘कुणावर विश्वास नाही’, किंवा नुसतं बधिरपण. आणि अंग कायम सावध राहतं : दचकणं, चिडणं, झोप नाही, दाराकडे पाठ करून बसवत नाही. हे महिन्याहून जास्त चाललं आणि रोजच्या कामात अडथळा यायला लागला, की तपासून घ्यायचं. पहिल्या महिन्यात हे सगळं होणं स्वाभाविक असतं. तेव्हा माणसाला जेवण, झोप, सुरक्षित जागा आणि सोबत लागते. ‘सांग, सांग, काय काय झालं ते सगळं सांग, मोकळी हो’ असं बसवून वदवून घेऊ नये. पुरानंतर आमच्या निवारा केंद्रात चांगल्या मनाच्या लोकांनी नेमकं हेच केलं होतं.

आघात वर्षानुवर्षं चाललेला असेल, घरातला मार, लैंगिक अत्याचार, कोंडून ठेवणं, तर वर आणखी तीन गोष्टी येऊ शकतात : भावना आवरता न येणं, ‘मी नालायकच’ अशी आतली पक्की खात्री, आणि माणसांच्या जवळ जाता न येणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात याला वेगळं नाव आहे, कॉम्प्लेक्स पीटीएसडी. माझ्या फाइलवर तेच लिहिलंय.

मला सगळ्यात उपयोगी पडलेलं स्पष्टीकरण असं. साध्या आठवणीवर तारीख असते. दहावीचा निकाल आठवला तर तो तेव्हाचा आहे हे सांगावं लागत नाही. आघाताच्या वेळी मेंदूतली धोक्याची घंटा, अमिग्डाला, जोरात वाजत असते. आठवणीला जागा आणि वेळ चिकटवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग तेव्हा नीट काम करत नाही. त्यामुळे वास, आवाज, भीती साठवली जाते, तारीख राहून जाते. तारीख नसलेली आठवण जेव्हा येते तेव्हा ‘आत्ता’ म्हणूनच येते. पुढे जे काही सांगणार आहे ते या एका कामाचे भाग आहेत.

पायरी १ : आजचा धोका आधी

मारणारा माणूस अजून घरात असेल, तर श्वासाचे व्यायाम आणि वह्या बाजूला ठेवा. अशा वेळी सावध असणं हा आजार नव्हे, ती गरज आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीसाठी ११२. वन स्टॉप सेंटरला ‘सखी केंद्र’ म्हणतात. तिथे राहणं, वैद्यकीय तपासणी, पोलीस, वकील आणि समुपदेशन यांची मदत एकाच ठिकाणी मिळते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारीही असतात.

जीव द्यावासा वाटत असेल तर १४४१६. ही टेलिमानस सेवा केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. ती मोफत आहे, चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. घरात कीटकनाशक, तणनाशक असेल तर ते आजच दुसऱ्याच्या कुलपात जाऊ दे, गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या हाती द्या. ती लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर खूप अवलंबून असतं.

पायरी २ : सात दिवसांची वही

साधी शंभर पानी वही घ्या. चार रकाने : वेळ, लगेच आधी काय झालं (आवाज, वास, जागा, माणूस), अंगात काय झालं, आणि ० ते १० मध्ये किती. आघाताची कहाणी या वहीत लिहायची नाही. एकटीनं, रात्री, ती लिहायला बसणं म्हणजे टाके नसताना जखम उघडणं. इथे फक्त काय झाल्यावर अंग पेटलं याची नोंद.

माझ्या वहीतलं एक पान :

मंगळवार, सकाळी ९:१०. स्टाफरूम. कुणीतरी लोखंडी कपाट धाडकन लावलं. मान आखडली, कान गरम. ६. वीस मिनिटं.

मंगळवार, दुपारी १:३०. शिपाई जिन्यावरून जड पावलांनी आला. पोटात गोळा, डबा तसाच ठेवला. ७.

बुधवार, संध्याकाळ. टीव्हीवर कोयनेतून विसर्ग वाढवल्याची पट्टी. ४.

आठवड्याच्या शेवटी अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या आठांचा पाण्याशी काही संबंध नव्हता. पावलं, दारं, वरच्या पट्टीतला पुरुषी आवाज. मी तीन वर्षं पुरावर खापर फोडत होते आणि अंग मात्र लहानपणीच्या, तासगावच्या त्या माळ्यावर बसलं होतं. वही नसती तर हे मला कुणी सांगूनही पटलं नसतं.

पायरी ३ : लाट आली की

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण रोज लागणारी गोष्ट हीच आहे.

डोळे मिटू नका. ‘डोळे मिटा, शांत व्हा’ असं सगळे सांगतात. आपल्यासारख्यांना डोळे मिटले की पडदाच मोकळा मिळतो. डोळे उघडे ठेवून पाय जमिनीवर दाबा, टाचा विशेष. जमलं तर फरशीवर अनवाणी. गार पाणी मनगटावर, तोंडावर. तोंडात झणझणीत काहीतरी. मी पर्समध्ये आवळासुपारी ठेवते, आमच्या शाळेतल्या एक बाई लवंग ठेवतात. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की जास्तच घुसमटतं, विशेषतः ज्यांचा गळा दाबलेला आहे किंवा जे बुडता बुडता वाचलेत त्यांना. त्यांनी श्वास सोडून द्यावा, खोलीतल्या निळ्या वस्तू मोजाव्यात.

मग तारीख, आणि ती मोठ्यानं. मनातल्या मनात पुरत नाही. मी अशी बोलते : “आज गुरुवार, १७ जुलै २०२५. मी ४४ वर्षांची आहे. हे माझं घर आहे, शिडी माझ्या हातात आहे.” शेवटचं वाक्य ऐकणाऱ्याला वेडगळ वाटेल. वाटू दे. तुमचंही असं एक वाक्य असेल, ते शोधा.

यानंतरचा भाग माझ्या थेरपिस्टनं शिकवला, आणि मी म्हणेन की सगळ्यात जास्त फरक यानं पडला. तेव्हा आणि आत्ता यांतला फरक शोधायचा. साम्य मेंदूनं आधीच शोधलेलं असतं, त्याच्याशी वाद घालायचा नाही. पेट्रोलचा वास आला? हो, तोच वास आहे. आता फरक सांग. तेव्हा रात्र होती, आत्ता सकाळचे अकरा. तेव्हा मी उलटी लटकले होते, आत्ता पंपावर ॲक्टिव्हावर बसलेय. तेव्हा शेजारी ती होती, आत्ता पुढे एक आजोबा सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालतायत. फरक जितका क्षुल्लक तितका चांगला. आजोबांच्या हुज्जतीनं मला त्या दिवशी हायवेवरून परत आणलं.

हे लाट नसताना शिकायचं. रोज संध्याकाळी पाच मिनिटं, एखादा सौम्य, ३-४ गुणांचा वास किंवा आवाज घेऊन. पोहायला पुरात शिकत नाहीत. लाट ओसरली की अंग गळून जातं. पाणी प्या, काहीतरी खा, आणि त्या तासाभरात राजीनामा, घटस्फोट, कुणाला लांबलचक मेसेज यातलं काहीही करू नका.

पायरी ४ : रात्र

उठण्याची वेळ एकच ठेवा, झोप लागो न लागो. दारूनं झोप लागते खरी, पण रात्रीच्या दुसऱ्या भागात तीच मोडते आणि स्वप्नं घेऊन येते. पावसाळ्यात धरणांच्या विसर्गाचे ग्रुप रात्री नऊनंतर म्यूट.

तेच तेच स्वप्न पडत असेल तर त्याची तालीम बदलता येते. दिवसाउजेडी बसा. सगळ्यात भयंकर स्वप्न नको, मधलं एखादं घ्या. ते थोडक्यात लिहा. मग हवं तिथून बदला. नियम काही नाही, शेवट गोड हवा असंही नाही, फक्त तो तुम्ही ठरवलेला हवा. बदललेलं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं मनात चालवा, दोन-तीन आठवडे. माझ्या स्वप्नात जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जायच्या. मी त्यांना कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या केलं. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातातच, त्यात काय एवढं? तिथे एक बाई धुणं आपटत बसलेली असते. स्वप्न अजूनही महिन्यातून एकदा पडतं, पण आता मला जाग येत नाही. सकाळी उठल्यावर ती बाई आठवते.

पायरी ५ : योग्य माणूस आणि योग्य उपचार

इथे मी दोन वर्षं घालवली. पहिले डॉक्टर तीन मिनिटं बघायचे, झोपेच्या गोळ्या लिहायचे. नाव घेत नाही, त्यांच्या बाहेरच्या रांगेत ऐंशी माणसं असायची. पण अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा गोळ्यांनी पीटीएसडी बरा होत नाही. त्या दीर्घकाळ घेऊ नयेत, सवय लागते. आणि चालू असतील तर एकदम बंदही करू नयेत. कमी कशा करायच्या ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषध लिहू शकणारे डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी देतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारायला लाजू नका. नुसतं ‘समुपदेशक’ असं कुणीही पाटीवर लिहितं. पहिल्या भेटीत मी आता तीन प्रश्न विचारायला सांगते : आघातावर केंद्रित थेरपी तुम्ही शिकला आहात का, कुठली? साधारण किती भेटी? आणि मधे मला फार त्रास झाला तर काय करायचं? पुरावा असलेल्या पद्धती थोड्याच आहेत : आघात-केंद्रित सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी, तिच्यातलीच सीपीटी म्हणजे अडकलेल्या विचारांवर काम करणारी, प्रोलाँग्ड एक्सपोजर म्हणजे टाळलेल्या आठवणींना आणि जागांना हळूहळू सामोरं नेणारी, आणि डोळ्यांच्या हालचाली वापरणारी ईएमडीआर. यांचा एक कोर्स साधारण आठ ते सोळा भेटींचा. गाठोडं मोठं असेल तर जास्त.

माझ्यावर जी वापरली तिचं नाव नॅरेटिव्ह एक्सपोजर थेरपी. युद्ध, छळ, स्थलांतर असे अनेक आघात सोसलेल्या निर्वासितांसाठी ती तयार झाली. तिची सुरुवात मी विसरणार नाही. थेरपिस्टनं फरशीवर सुतळी पसरली. एक टोक जन्म, दुसरं टोक गुंडाळलेलंच ठेवलं, कारण पुढचं आयुष्य अजून यायचंय. बाजूला एका ताटलीत खडे, दुसरीत झेंडूची फुलं. म्हणाल्या, “वाईट प्रसंगाला खडा, चांगल्याला फूल. फक्त जागेवर ठेवा आणि नाव द्या, कहाणी आज नको.” मी तीन खडे ठेवले. मग चौथा. मग आणखी दोन, जे मला खडे आहेत हेच माहीत नव्हतं. मग त्या गप्प बसून राहिल्या, तेव्हा मी फुलं ठेवायला लागले : आजीबरोबरची औदुंबरची वारी, बी.एड.चा निकाल, लेक. माळ्याच्या खड्याच्या अगदी शेजारी एक फूल आलं. माळ्यावर मी पाढे म्हणायचे. एकोणतीसपर्यंत पाठ झाले होते.

नंतरच्या प्रत्येक भेटीत एक खडा, सुरुवातीपासून क्रमानं. काय दिसलं, काय ऐकू आलं, अंगात काय झालं, तेव्हा काय वाटलं आणि आत्ता काय वाटतंय. थेरपिस्ट लिहून घ्यायच्या आणि पुढच्या वेळी वाचून दाखवायच्या. पुराच्या भेटीत पेट्रोलचा वास आला तेव्हा त्यांनी मला थांबवून विचारलं, “हा वास कुठल्या खड्याचा?” त्या दिवशी पहिल्यांदा तो वास पुरातून उचलून हायवेवर ठेवता आला.

हे घरी एकट्यानं करू नका. पहिल्या तीन-चार भेटींनंतर त्रास वाढतो, आणि नेमक्या तिथेच बहुतेकजण सोडतात. मीही दोन भेटी बुडवल्या. हे आधी ठाऊक असेल तर टिकणं जरा सोपं जातं.

औषधांपैकी सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ही नेहमी दिली जातात. परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाहीत.

पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची मानसोपचार ओपीडी गाठा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला. केसपेपर निघतो म्हणून घाबरू नका. परदेशात राहणाऱ्यांना एवढंच सांगते : तिथला थेरपिस्ट उत्तम असला तरी ‘माळा’ या शब्दाला तिथे भाषांतर नसतं. ऑनलाइन मराठी बोलणारं कुणी मिळत असेल तर बघा.

पायरी ६ : टाळलेल्या जागा

टाळल्यानं त्या घटकेला बरं वाटतं, आणि वर्षागणिक जग लहान होतं. मी आयर्विन पूल टाळण्यासाठी रोज बायपासनं चार किलोमीटरचा वळसा घ्यायचे. मग शिडी उलटी केली, सोप्यापासून अवघडाकडे, कंसात ० ते १० मधली भीती : नदीचा फोटो बघणं (३), पाण्याचा आवाज हेडफोनवर (४), रिक्षातून पुलावरून जाणं (६), घाटावर गणपती मंदिराच्या बाजूला नवऱ्यासोबत अर्धा तास (७), पुलावर एकटीनं उभं राहणं (९). एकेक पायरी पुन्हा पुन्हा, भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं. भीती शिगेला असताना पळालात तर अंग एवढंच शिकतं की पळाले म्हणून वाचले. शेवटच्या पायरीला मला पाच महिने लागले.

एक अट मात्र पक्की. जागा खरोखर सुरक्षित असेल तरच. महापुरात पुलावर जाणं ही थेरपी नाही, आणि ज्यानं अत्याचार केला त्याच्या घरी सत्यनारायणाला जाणं हीसुद्धा नाही, काकू कितीही म्हणोत.

पायरी ७ : घरचे

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, ज्यांची म्हसरं वाहून गेली त्यांनी काय करायचं? झालं गेलं गंगेला मिळालं.”

“आई, गंगेला मिळालं असतं तर मी रात्री अडीचला माळ्यावर चढले असते का?”

ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, “मला अजून शिडीचा आवाज येतो.” सत्तरीतली बाई. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

घरच्यांसाठी मी एक कागद फ्रिजवर लावला, तो जवळपास तसाच इथे देते. मागून येऊन हात लावू नका, आधी हाक मारा. मी थिजले तर ‘काय झालं, काय झालं’ नको. माझं नाव घ्या, आजचा वार सांगा, पाणी द्या. ‘विसरून जा’ म्हणू नका. मी चिडले तर दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा, पण परत या. लेकीला एवढंच सांगितलं की आईच्या डोक्यातला भोंगा जरा लवकर वाजतो, त्यात तुझी चूक नाही आणि तो बंद करणं हे तुझं काम नाही.

घरातलं कुणी देवऋषाकडे न्यायचं म्हणेल. उतारा टाकून कुणाला धीर येत असेल तर मी भांडत बसत नाही. गोळ्या बंद करायला सांगितल्या किंवा मारझोड, धुरी असलं काही काढलं तर मात्र उठून यायचं. अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे.

कागदपत्रांचं थोडंसं

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क केला, माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक केलं, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असंही त्यात आहे. पॉलिसी काढताना किंवा क्लेम नाकारला तर हे लेखी मांडा. बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. अर्थसाहाय्य आणि समुपदेशन दोन्ही मिळतं, चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायची.

पायरी ८ : वर्षातले अवघड दिवस

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झाला, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. माणसं विसर्जन करून झोपली होती. त्या भागातल्या एखाद्याला आजही गणपतीच्या शेवटच्या ढोलाबरोबर धस्स होत असेल, तर त्याचं कारण तिथीत आहे. आपल्या अवघड दिवसांवर कॅलेंडरमध्ये पेन्सिलीनं खूण करा. तारखेची आणि तिथीची, दोन्ही. त्या आठवड्यात मोठी कामं कमी, सोबत जास्त, थेरपिस्टची भेट आधीच ठरवलेली. इतके दिवस बरं असताना अचानक सगळं परत आलं तर आधी कॅलेंडर बघा, मग काळजी करा.

माझा आठवडा ऑगस्टचा पहिला. त्यासाठी माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय, नवऱ्यानं आणि मी मिळून जून महिन्यात, कोरड्या डोक्यानं लिहिलेला : ‘पातळी दिवसातून दोनदाच बघायची, सकाळी ८ आणि संध्याकाळी ७. ३५ फूट झाले की सामान वर. त्याआधी नाही. रात्री नाही.’ भीतीला नाही म्हटलेलं नाही, तिला फक्त आकडा दिलाय.

परवा रात्री अडीचला जाग आली. मिक्सरला हात लावला होता. दार उघडलं, कागद वाचला. संध्याकाळी २२ होतं. मिक्सर जागेवर ठेवला, ओट्यापाशी उभी राहून पाढे म्हटले, सतराच्या पुढे कंटाळा आला. चारच्या सुमारास झोप लागली.